उणे एकशे शहाण्णवची धार

वनमाला नाईकधुरे घावणे घालायची तेव्हा तिच्या मनगटाकडे बघत राहावंसं वाटे. बिडाच्या तव्याच्या काठापासून आत, वाटीतलं तांदळाचं पातळ पीठ ती एका धारेत सोडायची. धार मध्ये तुटायची नाही, जाड-बारीक व्हायची नाही, आणि तव्यावर जाळी उमटायची ती क्रोशाने विणल्यासारखी. घाटकोपरच्या पंतनगरात आमची दारं दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर. सकाळी दोन्ही दारं उघडी असत, त्यामुळे हे मला रोजचंच होतं. तिच्याबद्दल लिहायचं तर त्या मनगटापासूनच सुरुवात करावी लागते.

ती मूळची कणकवलीकडची. लग्न होऊन परळला आली. नवरा सहदेव गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर सहदेवरावांनी विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली आणि बिऱ्हाड इकडे आणलं. माणूस बोलका. जिना चढतानाच त्यांचं बोलणं सुरू होई आणि दार लागलं तरी ऐकू येत राही. मुलगी निधी लग्न होऊन बदलापूरला गेली. घरात राहिले नवरा-बायको आणि मुलगा सिद्धेश. सिद्धेश पहिल्यापासून मुखदुर्बळ, आणि वनमालाही मोजकंच बोलणारी. मायलेकांचा सगळा व्यवहार सहदेवरावांमार्फत चाले.

"तुमच्या झिलाक सांगा, डब्यात भाकरी आसा."

"बाबा, आईला सांगा, मला आज उशीर होईल."

दोघं एकाच खोलीत बसलेली असली तरी असंच. सहदेवराव हसत म्हणत, "माका पगार द्येवा रे, पोस्टमनाचा काम करतंय मी."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत सहदेवराव गेले. हॉस्पिटलात चालत गेले ते परत आलेच नाहीत. शेवटचं दर्शनही कुणाला झालं नाही. मागे उरली दोन माणसं, आणि त्यांना एकमेकांशी थेट बोलायची सवयच नव्हती. भांडण नव्हतं की राग नव्हता. तो जेवायला बसे, ती वाढी. "आणखी?" "बस." ताट उचललं जाई. सिद्धेश स्टेशनजवळच्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करायचा. सकाळी निघताना "येतो" आणि संध्याकाळी आल्यावर "आलो", एवढेच शब्द मला माझ्या दारातून ऐकू येत.

रविवारी मात्र त्या घरात वेगळंच काही चाले.

सिद्धेशला एक नाद होता. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला, म्हणजे त्याच्या मेंदूला म्हणा, कारखान्याने एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याहून जास्त पळवला तर तो तापतो आणि बंद पडतो. म्हणून त्याला गार ठेवावं लागतं. साधी माणसं पंख्यावर भागवतात. काही जण आतून पाणी खेळवतात, काही अख्खं यंत्र तेलात बुडवून ठेवतात. सिद्धेशसारखे थोडे वेडे त्यावर द्रवरूप नायट्रोजन ओततात. तो उणे एकशे शहाण्णव अंशांना उकळतो. इतक्या थंडीत प्रोसेसर काही मिनिटं असा पळतो, की ज्यांनी तो बनवला त्यांनाही खरं वाटू नये. तेवढ्यात पडद्यावरचा आकडा टिपायचा आणि इंटरनेटवर जगासमोर ठेवायचा.

"याचा उपयोग काय रे?" मी एकदा विचारलं.

"काही नाही, मावशी. शंभर मीटर पळण्याचा काय उपयोग?"

मला ते उत्तर आवडलं होतं.

भांडुपच्या एका गॅसवाल्याकडून तो स्कूटरवर कॅन घेऊन येई. ॲल्युमिनियमचा, गोल खांद्यांचा, थेट दुधाचा वाटावा असा. वनमाला त्याला 'दूध'च म्हणायची. सोसायटीचे सेक्रेटरी दशरथराव जिन्यात भेटले की विचारत, "काय वहिनी, म्हशी कुठे बांधल्यात?"

"गच्चीत," ती म्हणायची. "शेण तुमच्या गाडीवर टाकू की खाली?"

प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचं एक उभट भांडं घट्ट बसवलेलं असे. खालच्या सर्किटवर सिद्धेश व्हॅसलीनचा जाड थर देई आणि फटींत टिश्यू पेपर दाबून बसवी. आपल्या मुंबईच्या हवेत पाणी फार. थंड भांड्याला ती हवा लागली की त्याचं हिम होतं, हिम वितळून आत उतरलं की सगळा खेळ खलास. तरी तो खिडकी सताड उघडी ठेवी, कारण हा वायू खोलीतली हवा बाहेर ढकलून स्वतः बसतो आणि माणूस गुदमरल्याचं माणसालाच कळत नाही. हे सगळं तो फार काटेकोरपणे करी.

काम दोघांचं. एक जण कीबोर्डवर बसतो, दुसरा स्टीलच्या थर्मासमधून भांड्यात नायट्रोजन ओततो. ओतणाऱ्याने एका छोट्या मीटरवरचा आकडा सांभाळायचा. प्रत्येक चिपची, म्हणजे प्रोसेसरची, सोसायची हद्द वेगळी. जास्त ओतलं की ती थंडीने निपचित पडते, कमी पडलं की तापून थांबते. ओतणारा होता आकाश, सिद्धेशबरोबर दुकानात काम करणारा त्याचा मित्र. मग आकाशला पुण्याला चांगली नोकरी लागली. त्याने येण्याचं कबूल केलेल्या एका रविवारी त्याचा फोन आला: "सॉरी यार, ड्युटी लागली."

नायट्रोजन काही साठवून ठेवता येत नाही. कॅनच्या तोंडातून तो आपला आपण उडून जातो. सिद्धेश खोलीत येरझारा घालत होता. एका हाताने ओतून दुसऱ्या हाताने कीबोर्ड चालवून बघितला, दोनदा यंत्र बंद पडलं. वनमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"मी ओतू?"

"आई, हे घावणे नाहीत."

"ते दिसतंय मला. आकडा किती ठेवायचा तेवढं सांग."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि थर्मास तिच्या हातात दिला. "उणे शंभरवर धरायचा. एकशे पाचच्या खाली गेला तर ही झोपते. नव्वदच्या वर आला तर मशीन बंद."

"म्हणजे दूध उतू जायला नको आणि गॅसही विझायला नको."

"हो. तसंच."

तिने ओतलं. त्याने नंतर मला सांगितलं की मीटरवरचा आकडा शंभरवर जणू खिळा ठोकून बसवला होता. आकाश वर्षभर शिकून जे करत होता ते तिने पहिल्या खेपेला केलं. यंत्र थांबवल्यावर त्याने खुर्ची फिरवली.

"आई, हात झकास आहे तुझा. कुणाकडून शिकलीस?"

"तुझ्या आजीकडून. घावणा तुटला की सांडशी फेकून मारायची."

"काय सांगतेस!"

"तर! बाबांना विचार तुझ्या..." ती सवयीने बोलून गेली. भांड्यातून पांढरी वाफ टेबलाखाली उतरत होती.

मग त्यानेच विचारलं, "तू सांग ना."

हे सगळं वनमालाने दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्याशी उभं राहून, शब्दाला शब्द लावून मला सांगितलं. 'तू सांग ना' हे तिने दोनदा सांगितलं.

त्यानंतर रविवार ठरूनच गेले. सकाळी कॅन येई, दुपारी जेवणं लवकर उरकत आणि खिडकी उघडली जाई. मीही दोन-चार वेळा दाराशी खुर्ची टाकून बसले. सिद्धेशचे डोळे पडद्यावर, वनमालाचे मीटरवर, आणि एकमेकांकडे न बघता दोघांची तोंडं चालू. सिद्धेशकडे बऱ्याच चिपा होत्या, त्यांतली सर्वांत चिवट शोधायची होती. वनमालाने प्रत्येकीला माहेर-सासरच्या माणसांची नावं ठेवली.

"ही सुशांतमामा. बाहेरून पैलवान, जरा वारा लागला की शाल मागतो."

"आई, मामा ऐकेल ना!"

"ऐकू दे. माझ्या लग्नात बॅन्डबरोबर नाचायला म्हणून गेला तो डोक्याला बाम लावून झोपला."

"आणि ही? ही एकशे वीसपर्यंत गेली."

"एकशे वीस? मग ही रुक्मिणी. तुझी आजी. पौषात विहिरीवर आंघोळ करायची, हूं नाही की चूं नाही."

रुक्मिणी एकशे चाळीसच्याही खाली गेली. सिद्धेशच्या खुर्चीची चाकं उत्साहाने मागे-पुढे होऊ लागली. त्या चिपच्या निमित्ताने त्याला आजी कळली, आजोबांची होडी कळली, आपले बाबा शाळेतून पळून येऊन परळच्या खोलीत कसे राहिले तेही कळलं. घरात बसल्या बसल्या पस्तिशीला आलेल्या माणसाला आपलं घर नव्याने कळत होतं.

"बाकीच्या दिवशी बोलतो का?" मी तिला विचारलं.

ती मेथी निवडत होती. "नाही हो ताई. भांडं टेबलावरून उतरलं की याचं तोंड बंद. मी करून बघितलं. चहा देताना काहीतरी विचारते, तर 'हं' म्हणतो. मध्ये ते यंत्र लागतं त्याला. आणि मला तरी कुठे सुचतं? सोमवारपासून रविवारची वाट बघते मी, शाळेतल्या पोरासारखी." मग मेथी बाजूला सारून म्हणाली, "दुसरा कुणी ओतायला मिळाला तर माझं काय?"

तसा एक जण मिळाला होता. आकाशच्या जागी दुकानात आलेला देवेश. एका रविवारी तो बघायला आला आणि तिला म्हणाला, "काकी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी ओततो ना. तुम्ही मस्त चहा करा."

"चहा तू कर," वनमाला म्हणाली. "दूध फ्रिजमध्ये आहे. खरं दूध."

सिद्धेश हसला होता. पण ती रात्रभर त्यावर विचार करत राहिली असणार.

आता जे लिहिते ते तिने मला फार उशिरा, हॉस्पिटलच्या खाटेवर सांगितलं. तिला मधुमेह होता हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. गोळ्या ती घ्यायची कमी आणि विसरायची जास्त. पण गेल्या वर्षभरात तिच्या उजव्या हाताच्या बोटांना आधी मुंग्या येऊ लागल्या आणि मग त्या मुंग्याही येईनाशा झाल्या. सुई टोचलेली कळेना. एकदा तव्याला बोट लागलं ते वास आल्यावर कळलं. ती डॉक्टरांना बोलली नाही, निधीला बोलली नाही, मलाही नाही. सिद्धेशला तर शक्यच नव्हतं. बोटं बधिर झालेल्या बाईच्या हातात तो थर्मास देणारच नाही, देवेशला बोलावील, हे तिला पक्कं माहीत होतं. मनगट अजून तिचंच होतं. धार सुटत होती ती मनगटातून. बोटांनी फक्त थर्मास धरून ठेवायचा होता.

त्या सुमारास एक स्पर्धा जाहीर झाली. देशभरातल्या अशा वेड्यांनी आपापले आकडे दोन-तीन महिन्यांत पाठवायचे, पहिल्या काही जणांना तैवानला बोलावणार. आकड्याबरोबर यंत्र चालू असतानाचा फोटोही हवा. सिद्धेशने रुक्मिणीला बाजूला काढून ठेवलं. वनमालाने मला विचारलं, "तैवान कुठे आलं हो ताई? तिथे ओतायला आईला नेऊ देतात का?" मी नकाशा काढून दाखवला. तिने बोटाने अंतर मोजलं.

स्पर्धेच्या तयारीत एका रविवारी थर्मास तिच्या हातातून निसटला. पकड कधी सुटली हे तिला कळलंच नाही. तो पोटाशी अडला, तिने डाव्या हाताने सावरला, आणि पडद्याकडे तोंड करून बसलेल्या सिद्धेशला पत्ता लागला नाही. पण ती घाबरली.

सिद्धेशने तिच्यासाठी खास निळे, कोपरापर्यंतचे मोजे आणले होते. ते इतके मोठे आणि जाड की तिचा हात त्यात घागरीत चमचा हलावा तसा हले. ते घालून धार धरता येईना. मग त्याने प्लॅस्टिकचं मुखकवच तिच्या तोंडावर चढवलं आणि हात उघडाच ठेवायला सांगितला. "एखादा थेंब हातावर पडला तर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळून जातो. पण कापडी मोजे कधीही घालू नकोस. कापडात मुरला की चिकटून बसतो." हे त्याने तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि तिने ते ऐकलंही होतं.

तिच्याकडे लोकरीच्या हातमोज्यांची एक जोडी होती. भजनी मंडळाबरोबर बद्रीनाथला गेली तेव्हा वाटेत घेतलेली. घाटकोपरच्या बाईला थंडी कुठे भेटणार? आयुष्यात खरी थंडी तिने त्या आठ-दहा दिवसांतच बघितली होती, आणि त्या थंडीतून या मोज्यांनीच तिला परत आणलं असं ती म्हणायची. लोकरीच्या खरबरीत विणीत थर्मास घट्ट बसला. तिने स्वयंपाकघरात पाणी भरून बघितलं, निसटत नव्हता. कापड वेगळं आणि लोकर वेगळी, असं तिने मनाशी ठरवलं. लोकर थंडीसाठीच तर असते.

तो रविवार मार्चमधला. हवा कोरडी होती, म्हणून सिद्धेश खुशीत होता. मी त्या दिवशी घरातच होते. दोन्ही दारं उघडी होती आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, शब्द मात्र कळत नव्हते. ते मला पुढे दोघांकडून वेगवेगळे कळले.

तो पडद्याकडे वळल्यावर तिने उजव्या हातात मोजा चढवला. मध्ये फोटोसाठी तो उठला, मोबाइल धरला, दोन-तीन फोटो काढले आणि पुन्हा बसला. रुक्मिणी सुरेख चालली होती. आकडा पायरीपायरीने चढत होता. प्रत्येक पायरीला थांबून वाट बघायची, यंत्र स्थिरावलं की पुढची. त्या थांबण्याच्या वेळेत बोलणं व्हायचं. तसंच एकदा थांबलेलं असताना सिद्धेश म्हणाला, "आई, बाबांनी शेवटचा फोन मला केला होता. वॉर्डमधून."

तिने मीटरवरची नजर हलवली नाही. "कधी?"

"आदल्या दिवशी. तुला निरोप होता. मी दिलाच नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आईला सांग, हय इडली देतत ती रबरासारखी. चार घावणे आणि नारळाचा रस धाडून दे." त्याने एक कळ दाबली. "बाहेरचं जेवण आत घेत नव्हते. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू करशील, आणि मी ते गेटवरून परत घेऊन येईन. म्हणून नाही सांगितलं. मग ते गेले. मग कसं सांगणार?"

वनमाला ओतत होती. थर्मासच्या ओठावरून दर खेपेला थोडा ओघळ मागे येतो, तो मोज्यात मुरत होता. मोजा पांढरा पडत चालला होता, त्यावर हिमाचे काटे उभे राहिले होते, आणि आत बोटांना काहीही कळत नव्हतं. कळलं असतं तरी तिने थर्मास खाली ठेवला असता असं मला वाटत नाही. ती मला म्हणाली, "ताई, तीन वर्षं अडकलेलं त्याच्या तोंडून निघत होतं. मी मध्येच 'थांब' कसं म्हणू?"

"रस गोडाचा की बिनगोडाचा?" तिने त्याला विचारलं.

"गोडाचा. गूळ जास्त घालायला सांग म्हणाले."

"साखर होती ना त्यांना. तरी बघ!"

तो हसला, आणि हसता हसता रडला. हात कीबोर्डवरच होते. आणि तेवढ्यात पडद्यावर तो आकडा आला. देशात कुणीही काढलेला नव्हता असा. त्याने तो टिपला, खुर्ची गर्रकन फिरवली, उठला आणि हात वर केला.

"आई! दे टाळी!"

तिने टाळी दिली. ती टाळी मला माझ्या घरात ऐकू आली. पाटावर लाटणं आपटावं तसा आवाज होता. मग सिद्धेशची हाक आली, "मावशी!"

मी गेले तेव्हा तो तिचा हात कोमट पाण्यात धरून बसला होता. मोजा निघत नव्हता. शेवटी निघाला तेव्हा बोटांचा रंग मेणबत्तीचा. वनमाला स्टुलावर शांत बसली होती आणि त्यालाच समजावत होती, "अरे, दुखत नाही रे. काही दुखत नाही." त्या 'दुखत नाही'ने त्याचा चेहरा जास्तच उतरत गेला, कारण त्याला आता त्याचा अर्थ कळत होता.

पालिकेच्या हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, "हिमदंश? घाटकोपरमध्ये?" त्यांनी तो पुस्तकात वाचला होता, प्रत्यक्ष हा पहिलाच. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला. सगळे हळहळले, सगळ्यांनी जपलं. पण साखर वाढलेली, रक्त टोकांपर्यंत पोचत नव्हतं. बोटं आधी निळी आणि मग काळी झाली. काही आठवडे वाट बघून मधली तीन काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली. निधी येऊन राहिली, रडली, भावाला नाही नाही ते बोलली. "तुझ्या खेळण्यापायी आईचा हात घालवलास!" तो खाली बघत उभा राहिला. वनमाला खाटेवरून ओरडली, "मोजे मी घातले! त्याने नको म्हटलं होतं!" पण त्याने ते ऐकल्याचं काही दिसलं नाही.

खाटेवर तिला एकच घोर लागला होता. रोज विचारायची, "पाठवलंस का?" स्पर्धेची मुदत अजून संपलेली नव्हती. तो उशी सारखी करी, पाण्याचा ग्लास भरी. आकाश पुण्याहून भेटायला आला तेव्हा तिने त्याला विचारलं. त्याने मोबाइलवर यादी काढून बघितली.

"नाही काकी. सिद्धेशचं नाव नाहीये. त्याचा आकडा असता तर तोच पहिला होता."

"तू सांग त्याला आकाश. तुझं ऐकेल. नाव लागू दे रे. मग माझी बोटं तरी फुकट गेली नाहीत म्हणायला होईल."

आकाशने सांगितलं, मीही सांगितलं. वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून मी त्याला म्हटलं, "अरे, तिच्यासाठी तरी पाठव."

त्याने मोबाइल काढून माझ्या हातात दिला. फोटोत टेबल होतं, तांब्याचं भांडं होतं, वाफ होती, आणि कडेला थर्मास धरलेला पांढरा लोकरी मोजा. अगदी स्पष्ट.

"मीच काढला, मावशी," तो म्हणाला. "दोन-तीन वेळा बघितला पण. मीटर नीट दिसतोय ना, एवढंच बघितलं."

त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने त्या फोटोविषयी माझ्याकडे काढलेले शब्द एवढेच. मुदत गेली. तैवानला कुणी दुसरे गेले.

वनमाला घरी आली. सिद्धेश आता आदर्श मुलगा आहे, जिन्यात सगळे तसं म्हणतात. सकाळी उठून तो तिची वेणी घालतो, डबा करतो, भांडी घासतो, साखर तपासतो, गोळ्या वेळच्या वेळी समोर ठेवतो. भाजी चिरायला शिकला. रविवारीही दुकानात जातो. घरी परतला की हातपाय धुऊन थेट स्वयंपाकाला लागतो. तो आधी गप्प असायचा तेव्हा त्याला बोलायला सुचत नसे. आताचं त्याचं गप्प राहणं ठरवून आहे. तिच्याकडे बघताना त्याची नजर हाताशी अडते आणि तिथून परत फिरते.

ती प्रयत्न करते. आजीच्या गोष्टी काढते, सुशांतमामाची टिंगल करते. "मामा आजारी आहे म्हणे. वारा लागला असेल, ना रे?" तो मान हलवतो आणि विचारतो, "गोळी घेतलीस?"

गेल्या महिन्यात दुपारी मी तिच्याकडे वाटीभर आमटी घेऊन गेले तर ती मोरीत उभी होती. डाव्या हातात स्टीलचा तांब्या, खाली एक पेला, आणि ती पेल्यात पाणी ओतत होती. धार जाड व्हायची, मग तुटायची, पाणी काठावरून सांडायचं. तीच म्हणाली, "डाव्याला जमेल हो ताई. वेळ लागेल, पण जमेल. तेव्हा तरी तो..." आणि पुन्हा तांब्या भरला. त्यानंतर रोज दुपारी तिच्या मोरीतून पाण्याचा आवाज येई. सात-आठ दिवसांतच धार बरीच टिकायला लागली. एकदा मला हाक मारून दाखवलीसुद्धा. पेला काठोकाठ भरला आणि एक थेंब सांडला नाही. "बघा!" ती म्हणाली. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी आला. ती पाठमोरी होती. तो बराच वेळ तिच्या मागे उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने हलकेच तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, नळ बंद केला आणि पंच्याने तिचा हात पुसला. रागावला नाही. स्टूल घेऊन माळ्यावर चढला, पुठ्ठ्याचे दोन खोके उतरवले आणि स्कूटरवर बांधून घेऊन गेला. मी गॅलरीत उभी होते. वरच्या खोक्यातून थर्मासचं टोक बाहेर आलं होतं.

संध्याकाळी दोन्ही दारं उघडी होती. त्याने भात लावला होता. दोघं जेवायला बसली.

"माळ्यावरचं कुठे नेलंस रे?"

"दिलं."

"कुणाला? देवेशला?"

तो जेवत राहिला.

"रुक्मिणीपण?"

त्याने आमटीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. तिने डाव्या हातात पळी घेतली, पण स्वतःला न घेता त्याच्या पानात वाढली. पळी पानावर आली तेव्हा थोडी आमटी ताटाबाहेर सांडली. त्याने उठून फडकं आणलं आणि पुसलं. थोड्या वेळाने वनमालाने उठून टीव्ही लावला.